तोफेची नक्कल

जुन्या कागदाची नक्कल कशी करावी ह्याचे नियम संशोधकमंडळींत आतां सर्वमान्य झाले आहेत. मुळांत अक्षर जसें असेल तसें उतरावें, शुद्धाशुद्ध पाहूं नये, फाटलेला भाग आपल्या तर्कानें भरूं नये, आणि भरणें अवश्यच वाटल्यास तो भाग आपला आहे असें स्पष्ट दाखवावें. पोथ्या उतरणारे जुने लेखकहि शेवटीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष आमचा धरूं नये, अशी विनवणी करीत. हा कटाक्ष आम्ही कागदापुरताच पाळतों. किल्ल्यावर पडलेल्या तोफेपाशीं आलों म्हणजे 'एक मोठी जुनी तोफ' एवढें टिपण करून पुढें चालूं लागतों. वस्तुतः तोफ हाहि एक लेखच आहे. ती कोणीं ओतली, कोणत्या रीतीनें घडविली, कोठून कोठें नेली, ह्याची पुष्कळशी साक्ष तिच्या अंगावरच असते. ह्या लेखाची नक्कल करण्याचें साधन म्हणजे मापानें केलेली लहान प्रतिकृति होय. बीड जिल्हा व त्याच्या शेजारचा मुलूख डोळ्यांपुढें ठेवून प्रस्तुत लेखांत ह्या साधनाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

लहान तोफ करणें हा छंद आपणांस नवा नाहीं. दिवाळींत महाराष्ट्रांतील मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात व त्याच्या बुरुजावर बोटभर तोफ ठेवतात. तीत हौस असते, माप नसतें. माप व हौस एकत्र आलीं म्हणजे काय होतें हें युरोपांतील तोफखान्यांनीं दाखविलें आहे. इंग्लंडांत वुलविच येथें विल्यम काँग्रीव्ह ह्यानें इ. स. १७७८ त तोफखान्याच्या शिक्षणासाठीं एक संग्रहालय काढलें, व पुढें तेथें तोफा, गाडे व बुरुज ह्यांच्या मापी प्रतिकृति ठेवण्यांत आल्या. पॅरिस येथील सैनिकी संग्रहालयांतहि फ्रेंच तोफखान्याच्या अशा प्रतिकृतींचा मोठा सांठा आहे. मूळ तोफा वितळून गेल्या, गाडे कुजले, परंतु लहान रूपांत त्यांची रचना राहिली.

आतां बीड जिल्ह्याकडे वळूं. ह्या जिल्ह्याचा लष्करी इतिहास तोफखाना व किल्ला ह्यांवांचून लिहितां येत नाहीं. बालाघाटच्या डोंगरांतील धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान लारी ह्यानें इ. स. १५६७ च्या सुमारास निजामशाहीच्या उरावर बांधला. दोनच वर्षांनीं मुर्तजा निजामशहा त्यावर चालून आला. फिरिस्ता सांगतो कीं, किश्वरखान बाण लागून पडला व किल्ला गेला. पुढें खानजहान लोदीच्या बंडाच्या निमित्तानें मोगल फौजा ह्या प्रांतीं उतरल्या, तेव्हां आजमखानानें इ. स. १६३१ च्या प्रारंभीं धारूर घेतलें. अब्दुल हमीद लाहोरी ह्यानें बादशहानाम्यांत ह्या किल्ल्याचें वर्णन करतांना तो डोंगराच्या सोंडेवर असून त्याच्या दोन अंगांस दुर्गम दऱ्या आहेत, व मजबुतीसाठीं आणि युद्धसामग्रीसाठीं तो दक्षिणेंत प्रसिद्ध आहे, असें म्हटलें आहे. मोगलांनीं त्याचें नांव फत्तेहाबाद ठेविलें. धारूरनंतर आजमखान परंड्यावर गेला, परंतु चाऱ्याच्या टंचाईमुळें त्यास तो वेढा उठवावा लागला. ह्यानंतर सुमारें एकशें तीस वर्षांनीं, ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं, शके १६८५ त, ह्याच जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं राक्षसभुवन येथें थोरल्या माधवरावांनीं निजामाच्या फौजेचा मोड केला व त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. निजामअली पुरानें भरलेल्या नदीच्या पलीकडे होता. त्यास मदत करतां आली नाहीं.

ह्या सर्व प्रसंगांचे कागद आपण शोधतों, तारखा जुळवितों, याद्या छापतों. यादींत 'तोफा लहानथोर' असा शब्द आला म्हणजे मात्र थोर म्हणजे किती थोर, व ती ओढण्यास किती बैल लागत, हें आपणांस सांगतां येत नाहीं. कारण तोफेचें माप आपल्या दप्तरांत नसतें.

दक्षिणेंतील किल्ल्यांवर ज्या तोफा आढळतात त्यांचे धातूच्या दृष्टीनें स्थूलमानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग कांशाच्या ओतीव तोफांचा. ह्यांस लोक सरसकट पंचधातूच्या म्हणतात. दुसरा घडीव लोखंडाच्या तोफांचा. ह्यांत लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांप्रमाणें उभ्या जोडून त्यांवर तापविलेलीं कडीं एकास एक लागून बसविलेलीं असतात. तिसरा बिडाच्या तोफांचा. ह्या बहुधा युरोपीय कारखान्यांतून आलेल्या असतात. येथें एक सूचना करावीशी वाटते. बीड हें गांव व बीड हा धातु ह्यांचें नांव एक आहे म्हणून कोणी गांवाची व्युत्पत्ति तोफा ओतण्याच्या धंद्याशीं जोडूं नये. नामसादृश्य हा पुरावा नव्हे. जिल्ह्यांतील एखादी तोफ बिडाची आहे किंवा नाहीं हें तिच्या अंगावरील सांध्यांवरून व कड्यांवरून ठरवावें, गांवाच्या नांवावरून नव्हे.

मापी प्रतिकृतीचा उपयोग किती दूरवर जातो हें दाखविण्यास ज्या तोफेचीं मापें प्रसिद्ध आहेत अशी एक घेणें बरें. मुलूखमैदान तोफेचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? गर्जणाऱ्या वक्त्यासहि आपण तेंच बिरुद देतों. ती तोफ हल्लीं विजापुरास शर्झा बुरुजावर आहे, पण तिचा जन्म बीडच्या सीमेला लागून असलेल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. हिजरी ९५६, म्हणजे इ. स. १५४९ त, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दींत महंमद बिन हसन रूमी ह्यानें ती ओतली. पुढें ती परंड्यास होती, व परंडा आदिलशाहींत गेल्यावर इ. स. १६३२ त मुरार जगदेवानें ती विजापुरास नेली. तीस दहा हत्ती, चारशें बैल व शेंकडों माणसें लागलीं असें सांगतात. नगर व परंडा ह्यांच्या दरम्यान आष्टीचा मुलूख पडतो. आजचा नगर-जामखेड रस्ताहि कडा व आष्टी ह्या गांवांवरूनच जातो. तेव्हां ही तोफ बीडकरांच्या अगदींच परकी नव्हे.

ह्या तोफेची लांबी १४ फूट ४ इंच, व्यास ४ फूट ११ इंच व नळीचा व्यास २ फूट ४ इंच असल्याचें प्रसिद्ध आहे. वजन सुमारें ५५ टन सांगतात. हें वजन कोणी तराजूंत घालून पाहिलेलें नाहीं, कारण तसा तराजू मिळावयाचा कोठून? मग तें खरें कशावरून मानावें? येथें लहान प्रतिकृति साक्षीस येते. एकास वीस ह्या प्रमाणानें तोफ केली तर तिची लांबी साडेआठ इंचांहून किंचित् अधिक, व्यास तीन इंचांच्या आंत व नळी सुमारें १.४ इंच होते. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी वीसपट कमी झाल्यामुळें घनफळ आठ हजारपट कमी होतें. म्हणून ही प्रतिकृति पाण्यानें कांठोकांठ भरलेल्या भांड्यांत बुडवावी व सांडलेलें पाणी मोजावें. त्याची आठ हजारपट केली कीं मूळ तोफेंतील धातूचें घनफळ आलें. पाण्यांत बुडविण्यासाठीं प्रतिकृति धातूचीच पाहिजे असें नाहीं. मेणाचा लेप दिलेल्या सागवानाचीहि चालते, मात्र ती दाबून पाण्याखालीं धरली पाहिजे.

आम्हीं हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. तोफ सरळ नळकांडें आहे व नळी शेवटपर्यंत आरपार गेली आहे असें धरल्यास प्रतिकृतीचें घनफळ सुमारें ७४६ घन सेंटिमीटर येतें. म्हणजे मूळ तोफेचें जवळजवळ ६ घनमीटर. कांशाचें वजन पाण्याच्या ८.७ पट धरल्यास हें वजन ५२ मेट्रिक टनांच्या आसपास भरतें. परंतु नळी आरपार नसते. मागें बूड भरीव असतें, व दारूची कोठडी गोळ्याच्या वाटेहून अरुंद असते. नळीच्या लांबीपैकीं सुमारें ४५ इंचांइतकी पोकळी भरीव धरली म्हणजे ५५ टनांचा आंकडा बरोबर जुळतो. तोफेचें अंग सर्वत्र सारख्या जाडीचें नसल्यामुळें ह्यांत थोडीबहुत वजावाट होईल, तथापि लोकांच्या तोंडचा आंकडा अतिशयोक्तीचा नाहीं एवढें निश्चित ठरतें. ज्या तोफेविषयीं असा कोणताहि आंकडा परंपरेंत नाहीं, तिच्या बाबतींत हीच रीति वजन नव्यानें मिळवून देईल. आणि वजन मिळालें कीं, बैल किती, गाडा कसा व घाट चढण्यास दिवस किती, हे प्रश्न अंदाजाच्या बाहेर येऊं लागतात.

दुसरा उपयोग तुलनेचा. हेन्री कझिन्स ह्यांनीं विजापूरच्या वास्तूंवरील आपल्या १९१६ सालच्या ग्रंथांत तेथील तोफांचा परामर्श घेतला आहे. उपली बुरुजावरील लांब लोखंडी तोफ ३० फूट ८ इंच असून तिची नळी १२ इंचांची आहे. लांडा कसाब ही २१ फूट ७ इंच असून नळी साडेएकोणीस इंचांची आहे. ह्या दोन्ही घडीव लोखंडाच्या. आतां लांबीस नळीच्या व्यासानें भागावें. मुलूखमैदान सुमारें ६ पट, लांडा कसाब सुमारें १३ पट व उपली बुरुजाची तोफ सुमारें ३१ पट लांब निघते. तोफ कितीहि लहान केली तरी हें गुणोत्तर बदलत नाहीं. एकाच प्रमाणाच्या तीन प्रतिकृति शेजारीं शेजारीं ठेविल्या तर मुलूखमैदान साडेआठ इंच, लांडा कसाब तेरा इंच व उपली बुरुजाची तोफ साडेअठरा इंच होते. पहिली आंखूड व रुंद तोंडाची, जवळच्या मोठ्या जमावावर मारा करण्यास योग्य. तिसरी लांब व अरुंद, दूरवर गोळा टाकण्याच्या इच्छेनें केलेली. बुरुजावर उभें राहून जें ध्यानांत येण्यास कठीण, तें मेजावर एका दृष्टिक्षेपांत कळतें.

प्रतिकृति कोणत्या द्रव्याची व कोणत्या रीतीनें करावी, हा पुढचा प्रश्न. कोणी कांताऱ्याकडून पितळेची कांब कांतून घेतो व तीस तोफ म्हणतो. शोभेसाठीं तें ठीक आहे. परंतु घडीव तोफेची नक्कल कांबीची केली तर पट्ट्या व कडीं हा जो तिच्या घडणीचा मुख्य पुरावा तोच नाहींसा होतो. मोडी पत्र बाळबोधींत उतरून मूळ जाळून टाकण्यासारखाच हा प्रकार. घडीव तोफेच्या प्रतिकृतींत पट्ट्या किती, कडीं किती, मोठें कडें कोठें व त्यांची रुंदी काय, हें मोजून तितकींच कडीं दाखविलीं पाहिजेत. ओतीव तोफेची प्रतिकृति ओताऱ्याकडून मेणाच्या साच्यांत ओतून घेणें सर्वांत चांगलें. मात्र निवतांना कांसें सुमारें दीड टक्का आकसतें हें लक्षांत ठेवावें. साडेआठ इंचांत हा फरक एक अष्टमांश इंच दिसतो, पण तोच मूळ तोफेच्या मानानें अडीच इंचांचा होतो. म्हणून मेणाचा नमुना तितका मोठा करणें अवश्य आहे.

धातूच्या मिश्रणाविषयींहि सावधगिरी पाहिजे. मुलूखमैदानाच्या धातूची परीक्षा झालेली आहे. तीत शेंकडा ८०.४ तांबें व १९.६ कथील निघालें. युरोपांतील तोफांच्या कांशांत कथील साधारणपणें शेंकडा दहाच असे. वीस टक्के कथिलाचें कांसें म्हणजे घंटेचें कांसें. तें कठीण, ठिसूळ व नाद देणारें असतें, व ही तोफ ठोकल्यास घंटेप्रमाणें वाजते ह्याचें कारण हेंच. पितळेच्या प्रतिकृतीस हा नाद व हा रंग दोन्ही नाहींत. तेव्हां मिश्रण निराळें असल्यास प्रतिकृतीच्या बुडाशीं तसें कोरून ठेवावें.

ह्यापुढील मुद्दा हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष परिचयाचा वाटेल. पोथीवर मूळ लेखकाचा एक हात असतो व समासांत मागून लिहिणाराचा दुसरा. मुलूखमैदानावरहि असेच दोन हात आहेत. एक लेख ओतणाऱ्याच्या काळचा, हिजरी ९५६ चा. दुसरा औरंगजेबानें इ. स. १६८६ त विजापूर जिंकल्यावर कोरविलेला, हिजरी १०९७ चा. आतां प्रतिकृति कोणत्या सालची करावयाची? नगरच्या ओतशाळेंतून नुकतीच बाहेर पडलेली तोफ दाखवावयाची असेल तर दुसरा लेख गाळला पाहिजे. आजची तोफ दाखवावयाची असेल तर दोन्ही लेख, झीज व टवके ह्यांसह दाखविली पाहिजे. दोहोंची सरमिसळ झाली तर ती कोणत्याच काळची राहत नाहीं. शिवाय एकास वीस प्रमाणांत इंचभर उंचीचें अक्षर इंचाच्या विसाव्या भागाएवढें होऊन वाचतां येईनासें होतें. म्हणून प्रतिकृतीवर लेखाची केवळ जागा व चौकट दाखवावी, व अक्षरांचा कागदी ठसा पूर्ण आकारांत निराळा ठेवावा.

गाड्याच्या बाबतींत तर अधिकच संयम पाहिजे. किल्ल्यांवरील पुष्कळ तोफांचे मूळचे गाडे गेलेले आहेत. अशा तोफेच्या प्रतिकृतीखालीं चित्रांतला इंग्रजी गाडा बसविणें म्हणजे फाटलेल्या पत्राची पूर्ति कादंबरीवरून करणें होय. गाडा मुळीं न दाखवितां तोफ दोन साध्या ठोकळ्यांवर ठेवावी. बुरुजावरील खुंटी, खळगा किंवा चाकाची चाकोरी ह्यांवरून गाड्याचा आकार सुचत असेल, तर तो फिक्या रंगाच्या निराळ्या लांकडाचा करावा, म्हणजे तर्काचा भाग पाहणारास तत्काळ ओळखूं येईल. कागदाच्या नकलेंतील कंसाचें काम येथें लांकडाचा रंग करतो.

कांहीं हौशी मंडळींस प्रतिकृति वाजवून पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें टाळावा. लहान ओतकामांत पोकळ फोड राहिलेले असतात ते बाहेरून दिसत नाहींत, व उडालेला तुकडा तोफेचा आकार लहान म्हणून कमी इजा करीत नाहीं. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमांतील अग्निशस्त्रांच्या व्याख्येंत तोफहि येते. म्हणून बत्ती देण्याचा कान केवळ खुणेपुरता दाखवावा, आरपार पाडूं नये. आमची प्रतिकृति वाचण्यासाठीं आहे, वाजविण्यासाठीं नव्हे.

आतां कामाची रीति थोडक्यांत सांगूं. तोफेची एकंदर लांबी. तोंडाशीं, मध्यें व बुडाशीं घेर. नळीचा व्यास दोन दिशांनीं. सरळ वेळूनें घेतलेली नळीची खोली. कानाचें बुडापासून अंतर. बगलेच्या आडव्या खुंटांची जागा व जाडी. प्रत्येक कड्याची रुंदी. एवढीं मापें कोणाहि दोघां माणसांस दोरी, फूटपट्टी व वेळू घेऊन एका सकाळीं घेतां येतात. नळींत दगडमाती असल्यास ती कोठपर्यंत आहे तें लिहावें. लोखंडी पहारीनें उकरूं नये. गंज खरवडूं नये, अक्षरांत खडू भरूं नये. शंभर वर्षांवरील तोफ १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरते, तेव्हां जेथें परवानगी लागेल तेथें ती आधीं घ्यावी. मापें दोनदां घ्यावीं व दोन्ही वेळचे आंकडे तसेच ठेवावे. सरासरी काढून मूळ आंकडे पुसूं नयेत.

हें सर्व कशासाठीं, असें कोणी विचारील तर इ. स. १८५४ ची एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या सालीं साताऱ्याच्या कमिशनरानें विजापूर येथील निरुपयोगी सामान विकण्याचा हुकूम दिला, व त्यांत मुलूखमैदानहि लिलांवास निघाली. बोली दीडशें रुपयांवर थांबली. म्हणजे टनास तीन रुपयेहि पडेनात. तेथील असिस्टंट कमिशनरानें वरिष्ठांस लिहून ही विक्री थांबविली म्हणून तोफ वांचली. ती विकली जाती तर भट्टींत गेली असती, व तिचीं मापें, मिश्रण व दोन्ही लेख ह्यांवर आज आपण जें बोलतों त्यांतील फारच थोडें बोलतां आलें असतें. मुलूखमैदानास तिच्या नांवानें तारलें. ज्या तोफांस नांव नाहीं, ज्यांच्या पाठीशीं कोणी अधिकारी उभा राहणार नाहीं, त्यांस कोण तारील?

धारूरच्या तटापासून गोदाकांठच्या गढ्यांपर्यंत बीड जिल्ह्यांत, व परंडा, नळदुर्ग इत्यादि शेजारच्या किल्ल्यांवर, जेथें जेथें तोफ किंवा तोफेचा तुकडा असेल तेथें हें काम करण्यासारखें आहे. त्यास मोठा खर्च नाहीं. गांवचा सुतार, ओतारी व शाळेंतील गणित जाणणारा एक शिक्षक एवढी सामग्री पुरते. दिवाळीच्या किल्ल्यावर बोटभर तोफ ठेवणाऱ्या मुलांस आपल्या गांवच्या खऱ्या तोफेचीं मापें दिलीं तर त्यांच्या हातूनहि ह्यांतील कांहीं काम होईल. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, त्यांनीं एकच प्रमाण, म्हणजे एकास वीस, सर्वत्र ठेवावें, म्हणजे निरनिराळ्या गांवीं झालेल्या प्रतिकृति पुढें एका मेजावर मांडून ताडून पाहतां येतील. आणि प्रत्येक प्रतिकृतीबरोबर तिचें मापपत्रक जोडावें, म्हणजे प्रतिकृति हरवली तरी पत्रकावरून दुसरी होईल व पत्रक हरवलें तरी प्रतिकृतीवरून माप घेतां येईल. दप्तरांत रुमालाशेजारीं अशी एक एक तोफ येऊन बसूं लागली म्हणजे यादींतील 'तोफा लहानथोर' ह्या शब्दांस वजन येईल.